श्रीमंत जिल्ह्यातला आमचा दुष्काळी तालुका

प्रश्न असा होता: "राज्याचा पैसा सातारा-सांगलीसारख्या श्रीमंत जिल्ह्यांनीच ओढला. पुढारलेल्या आणि मागास भागांतली दरी कमी कशी करायची?"

मी सांगली जिल्ह्यातलाच, पण आटपाडी तालुक्यातला. "श्रीमंत जिल्हा" वाचलं आणि राहवलं नाही.

माझे वडील गलाईच्या धंद्यात होते, तमिळनाडूत. विटा-आटपाडीकडच्या कितीतरी घरांची हीच कथा. सोनं-चांदी गाळायची म्हणजे भट्टी, मूस आणि नायट्रिक ॲसिड. वर्षातून एकदा यात्रेला यायचे, तेव्हा बोटांची कातडी पिवळी असायची. लहानपणी मला ती हळद वाटायची. घरी सोळा एकर रान असून हा माणूस परमुलखात धूर गिळत होता, कारण त्या रानात बाजरीसुद्धा पावसाच्या मर्जीवर यायची.

ताई दिली वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठी. दाजी मनाने चांगले, पण त्यांचं एक वाक्य ठरलेलं: "आम्ही रानात कष्ट केले, तुम्ही गाव सोडून पळालात." 2013 च्या दुष्काळात आई जनावरांपाशी चारा छावणीत झोपायची. दाजींनी ट्रॉलीभर उसाचं वाढं पाठवलं आणि फोनवर तेच वाक्य ऐकवलं. वाढ्याचे उपकार मी विसरलो नाही, ते वाक्यही नाही.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेला महापूर आला. दाजींच्या घरात छातीएवढं पाणी. ताई, पोरं आणि दाजी आमच्याकडे आले. त्याच महिन्यात आमच्या आळीला टँकर चालू होता. एकाच जिल्ह्यात! दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी हातात कळशी घेऊन टँकरच्या रांगेत उभे राहिले. नंबर येईपर्यंत पाणी संपलं. रिकामी कळशी ओट्यावर ठेवून ते बराच वेळ गप्प बसले. मीही काही बोललो नाही. कष्टाचं उत्तर मिळालं होतं.

आता तुमचा प्रश्न. सरकारने नेमलेल्या दांडेकर समितीने 1984 च्या अहवालात अनुशेष, म्हणजे विकासात मागे राहिल्याची तूट, मोजला तो जिल्हा धरून. तिथेच आम्ही मेलो. मिरज, वाळवा, पलूसच्या बागायतीने सांगलीची सरासरी वर जाते आणि जत, आटपाडी, कवठेमहांकाळ तिच्याखाली झाकले जातात. साताऱ्याचंही तेच: महाबळेश्वरला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस, माण तालुक्यात कसाबसा 500 च्या आसपास. समतोल विकासासाठी नेमलेल्या केळकर समितीला 2011 मध्ये तालुका धरून मोजायला सांगितलं, हे बरोबर झालं. पण अहवाल येऊन इतकी वर्षं झाली, तरी चर्चा अजून विभागांच्या भांडणातच अडकलीय.

पैसा आला की दरी मिटते, हेही मला पटत नाही. टेंभू योजनेने कराडजवळ कृष्णेचं पाणी उचलून टप्प्याटप्प्याने आमच्याकडे आणलं. त्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षं पाणी परिषदा घेतल्या, नागनाथअण्णा नायकवडी त्यात पुढे होते. पाणी आलं आणि ज्याचं रान कालव्याखाली, ज्याची विहीर, ज्याच्याकडे पाइपलाइनला पैसा, त्याने पहिल्यांदा काय लावलं? ऊस. बारा महिने पाणी पिणारं पीक, तेही दुष्काळी पट्ट्यात! पाणी उचलायच्या वीजबिलाचा 81 टक्के भार सरकार उचलतं, म्हणजे तुमच्या-आमच्या करातून. आणि माळावरचा भूमिहीन मेंढपाळ अजून टँकरचीच वाट बघतोय.

म्हणून पाणी कुटुंबागणिक वाटा, भूमिहीनालाही वाटा द्या. समन्यायी पाणीवाटपाची मागणी आमच्याकडे जुनी आहे आणि मला दुसरा मार्ग दिसत नाही.

एक सांगायचं राहिलं. विदर्भ-मराठवाड्याचा अनुशेष खरा आहे. त्यांच्या वाट्यातलं कापून आम्हाला द्या, असं मी म्हणत नाही. आमच्याकडे सगळे गरीब, असंही नाही. डाळिंबावर बंगले बांधलेले आमच्याच तालुक्यात आहेत.

दाजींना वाटप अजून पटत नाही. म्हणतात, ज्याची जमीन त्याचं पाणी. गेल्या दिवाळीत मी त्यांना विचारलं, कोयनेच्या धरणात ज्यांची गावं बुडाली त्यांची जमीन होती ना, मग ते पाणी कुणाचं? ताई म्हणाली, आधी जेवून घ्या दोघं. यंदा यात्रेला येणार आहेत, तेव्हा पुन्हा विचारीन.