आमच्या सोलापूरच्या शाळेत सातवीतील मुले मराठी उतारा वाचतात, पण आशय सांगू शकत नाहीत, काय करावे?

सोलापूरच्या पूर्व भागात अनेक विणकर कुटुंबांत घरी तेलुगू बोलली जाते, तर अक्कलकोटकडे कन्नड; त्यामुळे अडचण नेमकी कोठे आहे हे आधी तपासावे. तोच उतारा शिक्षकांनी वाचून दाखवल्यावर विद्यार्थ्याला आशय सांगता आला, तर अडचण अक्षरे वाचण्याची आहे; जोडाक्षरांचा सराव द्यावा आणि एकच छोटा उतारा पुन्हापुन्हा मोठ्याने वाचून घ्यावा. मात्र साऱ्या वर्गासमोर नव्हे, कारण या वयात हसे होण्याची धास्ती फार असते. ऐकूनही आशय उमगला नाही, तर प्रश्न शब्दसंग्रहाचा आहे. अशा वेळी सोलापुरात भरणाऱ्या गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेची बातमी वाचायला देऊन ती प्रथम घरच्या भाषेत सांगू द्यावी (वर्गात त्या भाषेला बंदी घालणे मला सर्वथा अयोग्य वाटते) आणि मग मराठीत चार वाक्ये लिहून घ्यावीत.