आजच्या विद्यार्थ्यांना शिकण्याची ओढ खरोखरच कमी आहे का?

मागच्या पिढीइतकी शिकण्याची ओढ आजच्या मुलांत उरलेली नाही का, या प्रश्नावर माझे मत असे की, ओढ आटलेली नसून तिच्यामागचा रेटा बदलला आहे. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतील मुलांना बक्षिसाचे आमिष आधीच दाखवले, तेव्हा काही दिवसांनी मोकळ्या वेळात ती मुले रंगीत पेनांकडे कमी वळली. अनपेक्षितपणे बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र टिकून राहिली. म्हणजे बाहेरच्या आमिषाने आतली ओढ मंदावू शकते; आणि मागच्या पिढीची छडी काय किंवा आताचे गुण काय, दोन्ही बाहेरूनच लादलेले. ‘हे कशाला शिकायचे?’ असे आजचा विद्यार्थी उघडपणे विचारतो, याला मी आळस म्हणणार नाही.