नाणं नको म्हणणारा कापडवाला

प्रश्न : ताई नमस्कार, आमच्या तालुक्याच्या गावी अजूनही काही दुकानदार १० रुपयांचं नाणं घेत नाहीत, पुढं चालत नाही म्हणतात. परवा वाचनालयात यावरूनच विषय निघाला तर एक सर म्हणाले, गलिव्हरची गोष्ट लिहिणाऱ्या स्विफ्टने पत्रं आणि कविता लिहून सरकारला अख्खं नाणं मागे घ्यायला लावलं होतं. खरंय का हे? आणि ते नाणं खोटं होतं का?
– एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : दादा, सरांनी सांगितलं ते खरंय. गोष्ट आयर्लंडची आहे, १७२२ ते १७२५ मधली, तेव्हा तिथं इंग्लंडच्या राजाचीच सत्ता होती. तिकडं सुट्ट्या पैशांची चणचण होतीच, तेवढं मान्य करूनच पुढं जाऊ. पण त्यावर लंडनने उपाय काय काढला तर विल्यम वुड नावाच्या एका लोखंडाच्या कारखानदाराला तांब्याच्या हाफपेनी (अर्धा पेनी) आणि फार्दिंग (पाव पेनी) पाडायचा १४ वर्षांचा मक्ता दिला, ३६० टन तांबं, किंमत लाखभर पौंडांच्या वर. हा मक्ता आधी राजाच्या मर्जीतल्या डचेस ऑफ केंडलला मिळाला होता आणि वुडने तो तिच्याकडून १०,००० पौंडांना विकत घेतला. आयर्लंडची स्वतःची पार्लमेंट होती, तिला कुणी विचारलंसुद्धा नाही. इंग्लंडात एक पौंड वजनाच्या तांब्यातून २३ पेन्सची नाणी निघायची, वुडला ३० पेन्सची काढायची मुभा होती, म्हणजे मधला फायदा कुणाच्या खिशात आणि तोटा कुणाच्या गळ्यात ते तुम्हीच बघा.

१७२४ मध्ये डब्लिनमधल्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलचा डीन असलेल्या जोनाथन स्विफ्टने 'एम. बी. ड्रेपियर' या नावाने पत्रं छापायला सुरुवात केली. ड्रेपियर म्हणजे कापडवाला, आणि मला सगळ्यात जास्त आवडतं ते हेच! मोठ्या धर्मगुरूने पंडिती भाषा बाजूला ठेवली आणि गल्ल्यावर बसलेला माणूस समोरच्या दुकानदाराशी, शेतकऱ्याशी बोलतो तसं लिहिलं, वर पत्रक अगदी स्वस्तात विका असं छापखानदाराला सांगितलं. हिशोबही तसाच, घरातल्या बाईला कळेल असा. अमक्या जमीनदाराला सहा महिन्यांचा खंड या नाण्यांत शहरात आणायचा झाला तर अडीचशेच्या आसपास घोडे लागतील, आणि कापड घ्यायला निघालेल्या बाईला मागून पैशांची गाडी आणावी लागेल.

कवितांमध्ये तर त्याने वुडच्या नावालाच हात घातला, वुड म्हणजे लाकूड ना. एका कवितेत दोन किडे वुडचे नातेवाईक ठरवलेत. एक लाकडाखाली राहणारा, हात लावला की चिलखत घातल्यासारखा गोळा होणारा, तसाच हा वुड पितळेच्या पट्ट्यांत कानापर्यंत गुंडाळलेला! दुसरा जुन्या लाकडात टिकटिक करणारा भुंगा, त्याचा आवाज आला की घरात कुणीतरी जाणार असं तिकडची माणसं मानायची. त्यावर उपाय काय तर किटलीभर उकळतं पाणी लाकडात ओतायचं.

आता नाणं खोटं होतं का? स्विफ्टने लिहिलं की वुडच्या शिलिंगभर नाण्यांचे तांबट जेमतेम एक पेनी देईल, आणि शिलिंगचे पेन्स १२. हे फार वाढवून सांगितलेलं होतं. टांकसाळीचा प्रमुख तेव्हा आयझॅक न्यूटन, हो तोच, त्याच्या तपासणीत नाणी मक्त्यातल्या अटींप्रमाणे भरली. नमुने वुडनेच निवडून दिले असणार, असा स्विफ्टचा आक्षेप होता. माझं स्पष्ट मत, धातूच्या बाबतीत स्विफ्ट चुकीचा होता आणि मूळ मुद्द्यावर शंभर टक्के बरोबर होता. आमच्या व्यवहारात चालणारा पैसा आम्हाला न विचारता बाहेरचा कुणीतरी ठरवणार का, हा तो मुद्दा. ऑक्टोबर १७२४ च्या चौथ्या पत्रात त्याने तो उघड मांडला, की आयर्लंडची माणसं इंग्लंडमधल्या माणसांइतकीच स्वतंत्र आहेत. लगेच लेखकाचं नाव सांगणाऱ्याला ३०० पौंडांचं बक्षीस लागलं. नाव सगळ्या डब्लिनला माहीत होतं, एकानेही सांगितलं नाही.

आणि तुमच्या दुकानदारांसाठी एक फरक सांगते. तिकडं कायद्याने सक्ती सोन्याचांदीच्या नाण्यांची होती, तांब्याची नाही, म्हणून 'घेऊ नका' हे सांगणं कायद्यात बसत होतं. आपल्याकडं १० चं नाणं कायद्याने चलन आहे, रिझर्व्ह बँकेने सगळ्या डिझाइनची नाणी चालतात असं पुन्हापुन्हा सांगितलंय, ते नाकारणं म्हणजे नुसत्या अफवेवर विश्वास ठेवणं झालं. स्विफ्टचं नाव घेऊन त्याचं समर्थन नको.

ऑगस्ट १७२५ मध्ये मक्ता रद्द झाला. वुडला भरपाई म्हणून वर्षाला ३००० पौंड लावून दिले. स्विफ्टला कुणी हात लावला नाही, पकडलं ते छापखानदार जॉन हार्डिंगला, आणि ज्युरीने खटला भरायला नकार दिला तर न्यायाधीशाने ती ज्युरी घरी पाठवून दुसरी बसवली, तिनेही नकारच दिला, उलट वुडच्या नाण्यांविरुद्धच लिहून दिलं. हार्डिंग १७२५ मध्येच वारला. छापखाना त्याची बायको सारा हिने चालू ठेवला, आणि १७२९ मध्ये स्विफ्टने आयर्लंडच्या उपासमारीवर लिहिलेलं 'अ मॉडेस्ट प्रपोजल' हे गाजलेलं पत्रक छापलं तेही तिनेच.