रात्रीचं जेवण सोडलं, तरी वजन वाढलं

"मॅडम, हे रात्री जेवतच नाहीत हो. तरी वजन वाढतंय आणि सकाळची साखर तर बघवत नाही. आता अजून काय बंद करू?"

हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसाच्या घरून हा प्रश्न मला सतत येतो. या काकू तो विचारताना रडवेल्या झाल्या होत्या. काका अठ्ठावन्न वर्षांचे, जुना मधुमेह, अँजिओप्लास्टी होऊन अडीच महिने झालेले. घरी आले तेव्हा वजन 84 होतं, आता 87. काका मान खाली घालून बसले होते, जणू चोरून खाताना पकडले गेलेत.

काकूंनी वही आणली होती. उपाशीपोटीची साखर 190, 204, 186. रात्रीच्या रकान्यात रोज एकच शब्द, 'दूध'. मी विचारलं, रात्री झोप कशी लागते? दोघंही एकमेकांकडे बघायला लागले. मग कळलं, आठवड्यातून तीन-चार वेळा पहाटे तीनच्या सुमारास काका घामाने चिंब होऊन उठतात. पुन्हा अटॅक येतोय या भीतीने घर जागं होतं. काकू साखरेचं सरबत करतात, उशाशी ठेवलेल्या डब्यातली ग्लुकोजची बिस्किटं देतात. अर्धा पुडा संपतो, तेव्हा कुठे बरं वाटतं.

रात्रीचं जेवण काकांनी आपल्या मनाने सोडलं होतं, पण साखरेची रात्रीची गोळी चालूच होती. ती ग्लिमेपिराइड होती. ही गोळी पोटात अन्न असो वा नसो, शरीराला इन्शुलिन सोडायला लावते. त्यात हृदयाचे ठोके हळू ठेवणारी गोळीही चालू. साखर उतरल्यावर हात थरथरतात, छातीत धडधडतं, त्या खुणा तिच्यामुळे दबतात. घाम मात्र येतोच. मी म्हटलं, पुढच्या वेळी आधी बोटातून रक्त तपासा. दोनच रात्रींनी काकूंचा फोन आला, "ताई, बासष्ट!" 70 च्या खाली साखर म्हणजे कमीच. अटॅक येऊन गेलेल्या हृदयाला ती जास्त साखरेइतकीच घातक ठरू शकते.

मग चक्र उलगडलं. पहाटे साखर खाली, घाबरून भरपूर गोड, सकाळी मीटरवर दोनशे, म्हणून दिवसभर अपराधी वाटून आणखी कमी खाणं. वजन त्या पहाटेच्या सरबत-बिस्किटांनी वाढत होतं, आणि दिवसभर खुर्चीत बसण्याने. टाके नाहीत, जखम नाही, तरी काका जिना उतरायला भीत होते.

औषध बदलणं माझं काम नाही. वही घेऊन त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांनी रात्रीची गोळी बदलली. जेवण मात्र मी परत सुरू करायला लावलं: आठच्या आत ज्वारीची एक भाकरी, मटकीची उसळ, वाटीभर पालेभाजी. लोणचं-पापड नाही. डॉक्टरांना विचारून चालणंही सुरू केलं, आधी सपाट रस्त्यावर जेमतेम दहा मिनिटं. काकू सोबत चालायच्या, ते मला फार आवडलं. दोन महिन्यांत अर्ध्या तासावर आले.

साखर उतरली तर काय, हेही काकूंना लिहून दिलं. तीन चहाचे चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. छातीत दाब किंवा दम लागत असेल तर मीटरमध्ये वेळ घालवायचा नाही, थेट 108. आणि दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढून पाय सुजले, तर ती चरबी नसते, अंगात पाणी साठत असतं. तेव्हा डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचं.

चौथ्या महिन्यात वजन 82 झालं. कंबर 102 सेंटिमीटरवरून 97 वर आली. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ती 90 च्या आत हवी, तेव्हा वाट अजून बाकी आहे. बिस्किटांचा डबा आता स्वयंपाकघरात वरच्या फळीवर गेलाय. उशाशी एक छोटी बाटली आहे, तिच्यात मोजून तीन चमचे साखर. काकू म्हणाल्या, गेल्या सहा आठवड्यांत ती उघडलेली नाही.