विज्ञानकथांची जुनी पुस्तकं विकायचीत? मग हे वाच

अरे वा, मस्त ठरवलंयस! सुरुवातीला एवढंच सांभाळ, ऑनलाइन कॅटलॉग वगैरे नंतर बघू.

१. तुझं कपाट आणि विकायचं कपाट आजच वेगळं कर. मी नाही केलं, मग गिऱ्हाईकाने पुस्तक हातात घेतलं की 'ते नको, ते माझंय' हेच चालायचं, बायको नुसती हसायची.

२. रद्दीवाल्याकडे पुस्तकांवरच झडप घालू नकोस, जुने दिवाळी अंकही चाळ, बऱ्याच विज्ञानकथा आधी अंकांतच आल्यात. आणि नुसती मोठी नावं शोधत बसू नकोस, १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारळीकरांनी कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, म्हणजे स्वतःचीच आद्याक्षरं उलटी! तेव्हा अनोळखी नाव दिसलं तरी पहिली दोन पानं वाचच.

३. किंमत सांगण्याआधी आवृत्तीचं पान बघ. जुनं दिसतं म्हणजे पहिली आवृत्ती नव्हे, इथे सगळेच फसतात.

४. फाटक्या पानाला सेलोटेप अजिबात नको, पिवळा चिकट पट्टा कायमचा राहतो. पावसाळ्यात कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढ आणि कसर लागलेला गठ्ठा फुकट मिळाला तरी घरात आणू नकोस.