यूआरएस तू लिही

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

मेल वाचला. "सर, मी ना धड केमिस्ट राहिले, ना इंजिनीअर झाले, आणि खरेदीच्या मीटिंगला मला बोलावतात ते प्रोजेक्टर लावायला." आधी हसलो, मग चिडलो. एमबीए करू की पायथॉन शिकू, हा तुझा प्रश्न वाचून चिडलो. पायथॉन शीक, कामाला येतं. पण तुझं दुखणं वेगळं आहे.

'ना धड'चं आधी संपवतो. लॅब ऑटोमेशनमध्ये, म्हणजे लॅबची हातकामं यंत्रांवर टाकण्याच्या आपल्या धंद्यात, धड कोणीच नसतं गं. कोणी मायक्रोबायोलॉजीतला, पिपेट (द्रव मोजून ओढायची नळी) दाबून अंगठा गेला म्हणून स्क्रिप्ट लिहायला लागलेला. कोणी इन्स्ट्रुमेंटेशनचा, सर्व्हिस इंजिनीअर म्हणून गावोगाव मशिनं उघडली आणि एका गिऱ्हाइकाकडेच चिकटला. तोंडाने द्रव ओढायचा कंटाळा आला म्हणून 1957 मध्ये मारबुर्गला श्निट्गरने स्प्रिंगची पिपेट केली, तो काही पिपेटचा कारखानदार नव्हता. जपानात कोचीच्या मेडिकल कॉलेजात माणसं अपुरी पडली म्हणून 1980च्या दशकात नमुन्यांसाठी पट्टे आणि रोबो बसवणारे डॉ. मासाहिदे सासाकी पेशाने डॉक्टर. ज्याला गरज ठाऊक होती, त्याने यंत्र घडवलं. तुला तुझ्या लॅबची गरज ठाऊक आहे. मग ती लिही.

हेच सांगायचंय, आणि पुन्हा पुन्हा सांगणार आहे. यूआरएस, म्हणजे यंत्राकडून आपल्याला नेमकं काय हवं त्याचा लेखी कागद, तू लिही. यंत्र बघायच्या आधी लिही. स्वतः लिही.

तुला वाटतं निर्णय मीटिंगमध्ये होतो. तिथे तीन कोटेशनं येतात, पर्चेसवाले तुलनेचा तक्ता मांडतात, एल-वन, म्हणजे सगळ्यात स्वस्त, कोण ते बघतात, फायनान्स दहा टक्के कापायला सांगतं. तोवर सगळं ठरलेलं असतं. कोणत्या तीन कंपन्या टेबलावर येणार हे यूआरएसच्या ओळींनी ठरवलेलं असतं, आणि त्या ओळी बऱ्याचदा विक्रेत्यानेच लिहिलेल्या असतात. "मॅडम, रेडी फॉरमॅट पाठवतो, तुमचा वेळ वाचेल." वाचतो खरा. त्यात त्याच्याच मशीनचे आकडे 'आवश्यक' म्हणून छापलेले असतात.

मी असा फॉरमॅट नाकारला होता. कंपनीचं नाव काढत नाही. लिक्विड हँडलरचा, म्हणजे द्रव मोजून टाकणाऱ्या रोबोचा, डेमो होता, रंगीत पाण्यावर. हात सुळसुळ फिरला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, आता आपलं खोकल्याचं सिरप लावा. बऱ्याच अशा मशिनांत पिस्टन आणि टिपेतला (पुढच्या बदलत्या नळीतला) द्रव यांच्यामध्ये हवा असते. पाण्याला ते चालतं. घट्ट सिरप मात्र सावकाश वर चढतं आणि टिपेला आतून चिकटून राहतं. ॲसिटोनायट्राइलचं उलटं, आत वाफ धरते आणि टिपेतून ठिबकतं. म्हणून पिस्टन थेट द्रवाला लागेल अशी रचना मागावी लागते, नाहीतर प्रत्येक द्रवासाठी वेग आणि थांबे वेगळे बसवावे लागतात. सिरप लावल्यावर खोलीत कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. खरेदी लांबली, आणि मी 'अडवणूक करणारा' ठरलो. पुढच्या खरेद्यांना मला बोलावलंच नाही. माझ्या बरोबरीचे जीएम होऊन निवृत्त झाले. खंत आहे का? आहे. पदाचीच आहे, खोटं कशाला बोलू. पण उद्या परत तोच डेमो लागला, तर मी परत सिरपच मागेन. चुकलो असं अजूनही कोणी सिद्ध करून दाखवलेलं नाही.

असो. विषय तुझा आहे.

तुझ्या यूआरएसमध्ये 'अत्याधुनिक' हा शब्द दिसला तर फाडून टाकीन. द्रव कोणते, किती मायक्रोलिटर, किती चूक चालेल, रोजचे नमुने किती, हे लिही. ही मशिनं मुळात 127.76 बाय 85.48 मिलिमीटरच्या, छोट्या खळग्यांच्या प्लेटसाठी बेतलेली असतात, जगभर तेच माप. तुझी क्यूसी, म्हणजे मालाची तपासणी, चालते एचपीएलसीच्या (घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या) छोट्या बाटल्यांवर, व्हायल्सवर, आणि शंभर मिलीच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कवर. फ्लास्क मशीनच्या डेकवर, म्हणजे कामाच्या पाटावर, कुठे बसणार, हे मीटिंगमध्ये एकालाही सुचणार नाही. टिपा दुसऱ्या कंपनीच्या चालतात का, हेही विचार, कारण मशीन एकदाच घ्यायचं आणि टिपा दर महिन्याला. ऑडिट ट्रेल (कोणी, कधी, काय बदललं याची नोंद) आणि इलेक्ट्रॉनिक सही अमेरिकेच्या 1997च्या पार्ट इलेव्हन नियमाला धरून हवी, माल तिकडे जातो ना तुमचा. आणि तुमच्या नाशिकच्या अंबडमध्ये व्होल्टेज डचमळलं की अर्ध्यात थांबलेल्या रनचं काय? भर जुलैत कसारा घाट चढून मुंबईचा इंजिनीअर किती तासांत येणार? हे आकडे यूआरएसमध्ये घाल. एएमसीच्या, वार्षिक देखभालीच्या कराराच्या, वेळी घालू म्हणशील, तेव्हा विक्रेता तुझा फोनही उचलणार नाही.

हे सगळं पायथॉनमध्ये येत नाही आणि एमबीएतही शिकवत नाहीत. तुला येतं, कारण तू रोज लॅबच्या त्या बाकापाशी उभी असतेस.

लिहिलंस की पर्चेसकडे धावू नकोस. आधी क्यूएच्या (गुणवत्ता-हमी विभागाच्या) मॅडमकडे जा, ओळन् ओळ वाचून दाखव, त्यांची सही घे. सही झालेल्या यूआरएसमधली ओळ खोडायची तर पर्चेसला कारण लेखी द्यावं लागतं, आणि तशी कारणं लिहायला त्यांना आवडत नाही.

रविवारी सकाळी ये, मसुदा घेऊन. विक्रेत्याचा फॉरमॅट आणलास तर चहासुद्धा मिळणार नाही.

तुझा,
सर