आधीच्या मालकाने काय काय केलंय?
जुन्या, बदल केलेल्या फोर बाय फोर गाड्यांविषयी वाचकांचे प्रश्न

मुलुंडहून एक वाचक विचारतात : २०१४ची थार सीआरडीई बघितली आहे. दोन इंच उंच केलेली, ३१ इंची टायर, पुढे जाड लोखंडी बंपर, विंच (गाडी ओढून काढायची दोराची मोटर). विकणारा म्हणतो, 'सगळं करून ठेवलंय, फक्त पेट्रोलपंपावर जायचं.' गाडी डिझेल आहे ही गोष्ट सोडा, पण घेण्याआधी काय बघू?

'सगळं करून ठेवलंय' हे वाक्य ऐकलं की खिशातली टॉर्च काढून गाडीखाली शिरावं. जोडलेल्या वस्तूकडे फार वेळ बघत बसू नका. ती वस्तू जिथे जोडली आहे तिथे, आणि तिचा भार ज्याच्यावर पडतो तिथे बघा.

या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे आणि त्याची उंची टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा) धरून ठेवतो. पुढून गाडी उंच करायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे या बारचे ॲडजस्टर बोल्ट आवळणे. त्याने उंची मिळते, पण चाकाला खाली उतरायला चाल उरत नाही. गाडी सपाटीवर उभी करून वरच्या आर्मचा रबरी स्टॉपर बघा. तो टेकलेलाच असेल किंवा जेमतेम बोटभर फट असेल, तर बोल्ट आवळून उंची 'काढलेली' आहे. अशा गाडीचं चाक लहानशा खड्ड्यावरही अधांतरी राहतं, बॉल जॉइंट कायम टोकाला ताणलेले राहतात आणि पुढच्या शाफ्टचे रबरी बूट वाकड्या कोनात घासून फाटतात. बुटाच्या घड्या बोटाने उघडून बघा. आतलं ग्रीस बाहेर उडालेलं दिसलं तर जॉइंट बदलण्याचा खर्च भावातून वजा करा.

मागे पाटे आहेत. पाट्यांच्या हँगरजवळ (पाटा जिथे टांगलेला असतो तिथे) चासीवर नवं वेल्डिंग किंवा ताजा काळा रंग दिसला तर तो भाग हातोडीने हलकेच ठोकून बघा. चांगलं लोखंड टणटणीत वाजतं, कुजलेलं बद्द.

आता टायर. मूळ माप २३५/७० आर १६, म्हणजे साधारण ७३५ मिमी व्यास. ३१ इंची टायर ७८७ मिमीचा. सात टक्क्यांचा फरक पडतो. मीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८५च्या पुढे असते, आणि टायर पहिल्यापासून हेच असतील तर मीटरवरचे ६० हजार किलोमीटर प्रत्यक्षात ६४ हजारांच्या वर गेलेत. टायरच्या कडेवरचा चार आकड्यांचा कोड वाचा. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी सहा-सात वर्षांच्या टायरचं रबर कडक होतं आणि ओल्या डांबरावर ते घसरतं.

कागदांकडे मात्र कानाडोळा करून चालणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं. २०१९च्या दुरुस्तीनंतर मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. दंड 'मालकाला' असतो. कागद तुमच्या नावावर झाले की मालक तुम्ही. लोखंडी क्रॅश गार्डवर (तुमच्या त्या जाड बंपरसारख्या) कारवाई करायला केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना सांगितलं आहे. म्हणून मूळ बंपर आणि मूळ चाकं विकणाऱ्याकडे पडून असतील तर व्यवहारातच मागून घ्या. नंतर ते कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शोधत फिरावं लागतं. जे बदल ठेवणार आहात ते विमा कंपनीला लेखी कळवा आणि पॉलिसीवर नोंदवून घ्या. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, कर्जाचा बोजा असेल तर उतरवायला ३५, परराज्यातली गाडी असेल तर आधी फॉर्म २८ची एनओसी.

बोरिवलीचे वाचक : माझ्याकडे जिप्सी किंग आहे. ६०च्या आसपास एखादा जॉइंट किंवा खड्डा लागला की स्टिअरिंग इतकं थरथरतं की गाडी थांबवावीच लागते. स्टिअरिंग डँपर (हादरे शोषणारा) नवा टाकला, महिनाभर बरं होतं, पुन्हा तेच.

डँपरने आजार झाकला. जिप्सीला पुढे सरळ ॲक्सल आहे, त्यामुळे एका चाकाचा हादरा दोन्ही चाकं जोडणाऱ्या टाय रॉडमधून दुसऱ्या चाकाला जातो. मधे कुठे ढिलाई असली की दोन्ही चाकं एकमेकांना झुलवत राहतात. ती ढिलाई शोधायला दोन माणसं आणि अर्धा तास पुरतो.

इंजिन बंद, गाडी चाकांवर उभी. एकाने स्टिअरिंग डावी-उजवीकडे चार बोटं हलवत राहायचं, दुसऱ्याने खाली झोपून प्रत्येक टाय रॉड एंडवर आणि ड्रॅग लिंकच्या (स्टिअरिंग बॉक्सकडून येणाऱ्या दांड्याच्या) दोन्ही टोकांवर बोट ठेवायचं. दोन भागांच्या मधे बोटाला टिचकी लागली की तो एंड गेला. स्टिअरिंग बॉक्स चासीला जिथे बोल्ट केला आहे तिथेही हात ठेवा. तो बोल्ट सैल असणं किंवा त्याखालचा चासीचा पत्रा चिरलेला असणं दुर्मीळ नाही.

मग पुढचं एक चाक जॅकवर उचला, खाली स्टँड द्या. चाक वर-खाली धरून, म्हणजे घड्याळात १२ आणि ६ वर हात ठेवून हलवा. प्ले (ढिलेपणा) जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गायब झाला तर व्हील बेअरिंग, तसाच राहिला तर किंग पिन (चाक ज्यावर वळतं ती खीळ). अनेक गॅरेजं इथेच चुकतात आणि बेअरिंग बदलून बिल लावतात. किंग पिनच्या टोप्यांखाली पातळ शिम (पत्र्याच्या चकत्या) असतात. शिम कमी केल्या की बेअरिंगवरचा दाब वाढतो. हा दाब हाताच्या अंदाजाने ठरवू नका. चाक काढून नकल (चाक धरणारा, वळणारा भाग) फिरवायला किती जोर लागतो ते स्प्रिंग काट्याने मोजायचं असतं. त्याच वेळी नकलचा गोळा बघा. त्यावर काळं, पातळ तेल ओघळलं असेल तर आतलं ॲक्सल सील गेलंय आणि डिफरन्शियलचं (ॲक्सलच्या मधल्या गिअरपेटीचं) ऑईल नकलमध्ये येऊन किंग पिनचं ग्रीस धुऊन टाकतंय. सील न बदलता नुसतं ग्रीस भरलं तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तिथेच.

आता तुमच्या गाडीला लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला टांगणारी कडी) घालून उंची वाढवली आहे का, ते बघा. पुढची शॅकल लांब केली की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, ॲक्सलचा माथा पुढे झुकतो आणि कॅस्टर कमी होतो. कॅस्टर म्हणजे चाकाला स्वतःहून सरळ यायला लावणारा कोन. तो कमी झाला की वळणानंतर स्टिअरिंग परत येत नाही आणि थरथर सुरू व्हायला निमित्त पुरतं. पाट्याखाली दोन-चार अंशांची पाचर घालून कॅस्टर परत आणता येतो, पण तेवढाच पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या (ॲक्सलला फिरवणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसचा, म्हणजे सांध्याचा कोन बिघडतो. आमच्या मते लांब शॅकल काढावी. उंची हवीच असेल तर योग्य कमानीचे पाटे घ्यावेत. मूळ २०५/७० आर १५ च्या जागी २३५/७५ आर १५ घातले असतील तर चाकाचं वजनही वाढलंय, तेव्हा बॅलन्सिंग सगळ्यात आधी करून घ्या. ते सगळ्यात स्वस्त आहे.

ठाण्याहून : पावसात दोनदा कंबरभर पाण्यातून गाडी काढली. आता मागच्या ॲक्सल हाउसिंगचं ऑईल दुधासारखं निघालं. सील बदलू का?

आधी ब्रीदर बघा. ॲक्सलवर एक छोटी नळी किंवा टोपी असते, हवा आत-बाहेर जाण्यासाठी. तापलेलं हाउसिंग थंड पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते. ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर ही ओढ सीलच्या ओठातून पाणी आत घेते. ब्रीदर मोकळा असला तरी तो पाण्याखालीच असेल, तर पाणी थेट तिथून जातं. सील चांगलं असूनही ऑईल दूध होतं ते असं.

खोलताना आधी वरचा भरायचा प्लग उघडा, मग खालचा. भरायचा प्लग गंजून अडकलेला निघाला आणि ऑईल आधीच सांडलेलं असेल तर गाडी जागीच बसते. ऑईल गरम असताना काढा, स्वस्त गिअर ऑईल भरून दहा-पंधरा किलोमीटर फिरवा, तेही काढा, मग चांगलं भरा. डिफरन्शियलला जीएल-५ दर्जाचं, ८०डब्ल्यू-९० घट्टपणाचं ऑईल. गिअरबॉक्समध्ये मात्र जीएल-४ सांगितलेलं असेल तर तेच घाला, कारण जीएल-५ मधली गंधकयुक्त रसायनं पितळी सिंक्रो रिंग खातात. पातळी भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत, गाडी सपाट उभी असताना. जिप्सीला मागे सुमारे दीड लिटर, पुढे दोन लिटर लागतं. ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणारी पेटी) आणि गिअरबॉक्सचंही तपासा; पाणी एकाच ठिकाणी शिरत नाही.

मग ब्रीदरला इंधनाची रबरी नळी जोडून ती फायरवॉलच्या माथ्यापर्यंत न्या. ॲक्सल खाली जातो तेव्हा ताणली जाणार नाही इतकी ढील ठेवा आणि तोंड खाली वळवा. खर्च काही शे रुपये. स्नॉर्कलवर (इंजिनला छताच्या उंचीवरून हवा देणाऱ्या नळीवर) हजारो घालवून ब्रीदर विसरलेल्या गाड्या खूप दिसतात.

स्नॉर्कल असेल तर तो खरंच हवाबंद आहे का? इंजिन आयडलवर ठेवून त्याचं तोंड जाड रबरी तुकड्याने झाका. दोन-तीन सेकंदांत इंजिन गुदमरलं पाहिजे. निवांत चालत राहिलं तर कुठून तरी हवा येतेय, आणि जिथून हवा तिथूनच पाणी. पाण्यात इंजिन बंद पडलं तर चावी फिरवू नका. प्लग किंवा ग्लो प्लग काढून इंजिन हाताने फिरवा, सिलिंडरमधलं पाणी बाहेर पडू द्या. नाहीतर कनेक्टिंग रॉड वाकतो.

पाणी खारं होतं का, हेही आठवा. मरीन ड्राइव्हला भरतीच्या वेळचे शिंतोडे किंवा पुळणीवरची एक फेरी, दोन्हींनंतर त्याच दिवशी चासी गोड्या पाण्याने खालून धुवा. चासीच्या पोकळ भागांत पाइप घालून धुवायचं, पण सीलवर आणि ब्रीदरवर जोराचा फवारा मारायचा नाही. मागचे ड्रम उघडून चिखल काढा. हँडब्रेक अडकतो तो त्यामुळेच.

दादरहून : गाडीत जादा दिवे, इन्व्हर्टर, कंप्रेसर बसवलेले आहेत. दोन दिवस उभी राहिली की बॅटरी संपते.

सगळं बंद करून बॅटरीच्या निगेटिव्ह वायरमध्ये मल्टिमीटर मालिकेत लावा, दहा अँपिअरच्या खुणेवर. मीटर जोडलेला असताना गाडी सुरू करू नका. वीस मिनिटांनी ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह दिसला तर फ्यूज एकेक काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडतो त्या वायरचा माग घ्या. सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच राहिला तर बहुधा आधीच्या मालकाने बॅटरीवरून थेट वायर ओढली आहे. १०० वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर साडेसोळा अँपिअर ओढतात. त्यांना रिले (स्विचवरचा भार स्वतःवर घेणारा), ४ चौरस मिमी वायर, आणि बॅटरीपासून वीतभर अंतरात २५ अँपिअरचा फ्यूज हवा. तो दिव्याजवळ लावण्यात अर्थ नाही. मधली वायर चासीला घासून उघडी पडली तर आग तिथेच लागते.

वाशीहून : लष्करी लिलावातली जिप्सी मिळतेय. मूळ हिरवा रंग ठेवता येईल का?

नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२१ ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना देतो. नोंदणीआधी रंगवून घ्या. रंगाआधी पत्रा खरवडायला लावा, खालचा गंज तेव्हाच दिसेल.

कांदिवलीहून : गाडीबरोबर ९,५०० पौंडांची विंच आली आहे. दोर कधी उलगडलेला दिसत नाही. तशीच ठेवू का?

पुढच्या मोकळ्या रविवारी पूर्ण उलगडा. ड्रमवर तारेचे किमान पाच वेढे राहू द्या, सिंथेटिक दोर असेल तर दहा. तारेवर तुटलेले, उभे राहिलेले धागे आणि सिंथेटिकवर उन्हाने पडलेली पांढुरकी, कडक जागा शोधा. एखादी जरी सापडली तरी दोर बदला. मग दुसऱ्या गाडीचा थोडा ताण देऊन ओळीने गुंडाळा. सैल गुंडाळलेला दोर ओढताना खालच्या थरात रुततो आणि तिथेच चिमटतो. लिहिलेली ताकद ड्रमवरच्या पहिल्या थराची असते, वरच्या थरावर ती बरीच कमी होते. म्हणून जवळच्या झाडापेक्षा दूरचं झाड बरं, बुंध्याला रुंद पट्टा घालून. पूर्ण भाराला विंच चारशे अँपिअरच्या आसपास ओढते, तेव्हा इंजिन चालू ठेवा आणि अर्ध्या मिनिटाने थांबत जा. दोरावर ओलं पोतं टाका, आणि ताण असेपर्यंत कुणालाही तो ओलांडू देऊ नका.